कमळाकरचा ताण

शहापूरच्या डॉक्टरांनी कमळाकरच्या पोटाभोवती टेप धरली आणि मान हलवली. "ही वरवरची चरबी नाही. आत, यकृत-आतड्यांभोवती साठलीय. रात्री उशिरा जेवण, अपुरी झोप, त्यात ताण. ताण वाढला की शरीरातलं एक हार्मोन वाढतं आणि चरबी पोटात जाऊन बसते. वेळेवर जेवा, चाला." मग ते वत्सलाकडे वळले. "आणि यांना ताण देऊ नका."

वत्सलानं बाकीचं सगळं तिथंच सोडलं आणि शेवटचं तेवढं डोळखांबला घरी आणलं. घरच्या भातगिरणीची मोटार जळली, तेव्हा तिनं मुलाला दटावलं, "रितेश, बाबांना बोलू नको. लाईट गेलेय म्हणून सांग." भाजी अळणी म्हणून कमळाकरनं ताट सरकवलं, तरी ती हसून "बरं" म्हणाली. हे लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. कमळाकर सावध झाला.

शेजारचा सुदाम दरसाल नांगरणीला बांध कोरायचा आणि कमळाकर दरसाल त्याच्याशी मनसोक्त भांडायचा. यंदा सुदामनं कोरलेला बांध आपणहून भरून दिला. वर म्हणाला, "असू दे रे कमळाकर. जमीन काय कोण वर नेतो?"

कमळाकर मनात हिशेब मांडू लागला. सुदाम बांध सोडतोय, म्हणजे आपलं काही खरं नाही. डॉक्टरांनी वत्सलाला वेगळंच काहीतरी सांगितलंय. त्याला मरणाची भीती वाटू लागली. घास उतरेना, घरात बसवेना. दिवसभर तो शेताच्या कडेनं फेऱ्या मारत राहिला.

दोन महिन्यांनी डॉक्टर टेप बघून खूश झाले. "घेर छान उतरलाय. ताण कमी केलेला दिसतोय."

"डॉक्टर, खरं सांगा. मी किती दिवसांचा?"

"अहो, तुम्हाला काय धाड भरलीय?"

"मंग सुदामनं बांध का सोडला?"

वत्सला खाली मान घालून म्हणाली, "मीच हात जोडले सुदामभाऊजींना. म्हटलं, यंदा यांच्याशी भांडू नका."

कमळाकरला आधी रडू आलं, मग राग आला. गावात उतरल्यावर तो घरी गेलाच नाही, तडक सुदामच्या अंगणात जाऊन उभा राहिला. "माज्यावर उपकार करतोस काय रे?"

सुदाम ओट्यावरून कष्टानं उठला. "बरा आलास. वयनीला शब्द दिला म्हणून दोन महिने तोंडातलं गिळत बसलो. रातची झोप नाय. काल डॉक्टरला दाखवलं." त्यानं सदरा वर केला. पोट चांगलंच पुढं आलं होतं. "म्हणतो, ताण हाये. चल बाबा, बांधावर चल."