मोफत गाडी आणि काटेसाहेबांची चौकशी

काटेसाहेबांनी ठरवलं ते एवढंच, की पैसे कोण देतंय ते कळल्याशिवाय घरातल्या कोणी तपासून घ्यायचं नाही. ठरवताना ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते, एका हातात डबा होता, आणि समोरच्या भिंतीवर कोणीतरी नुकताच कागद चिकटवून गेलं होतं.

कागदावर लिहिलं होतं, की सोमवार ते गुरुवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत आरोग्य तपासणीची गाडी उभी राहील. रक्तदाब, साखर, डोळे, वजन, आणि स्त्रियांसाठी स्तनांच्या गाठीची तपासणी. (हे शेवटचं काटेसाहेबांनी मनातल्या मनात वाचलं, तरी त्यांना खोकला आला.) आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात: मोफत.

या ‘मोफत’पाशी ते अडले. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू तपासायचे, खोटं माप सापडलं की दंड करायचा, हे त्यांचं काम. म्हणून तर इमारतीत त्यांना काटेसाहेब म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक पाहिलं होतं, चिंच पाहिली होती, एकदा तर दुकानदाराचा अंगठाच पाहिला होता. फुकट असं काही त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं.

“अहो, कोपऱ्यावर गाडी येतेय म्हणे,” बायको संध्याकाळी म्हणाली. ती एका शाळेचं ग्रंथालय सांभाळायची आणि फाटकी पुस्तकं घरी आणून चिकटवायची. “जाऊन येईन म्हणते.”

“थांब,” काटेसाहेब म्हणाले. “आधी पैसे कोण देतंय ते बघू.”

“कोणी का देईना. मला नाही ना द्यायचे?”

“अगं, तिथेच तर माणूस फसतो! आधी फुकट तपासायचं, मग काहीतरी सापडलंय म्हणून घाबरवायचं, आणि मग कायमचं गिऱ्हाईक बनवायचं. माझी चौकशी होऊ दे. तोपर्यंत कोणी पायरी चढायची नाही.”

बायकोने डिंकाचं बोट पुसलं आणि “बरं” म्हणाली. हे ‘बरं’ ती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती आणि त्याचा अर्थ काटेसाहेबांना अजून लागलेला नव्हता.

घरच्यांपुरतं ठेवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण काटेसाहेबांना सार्वजनिक हिताची फार ओढ. त्यांनी सोमवारीच जिन्यात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सावध करायला सुरुवात केली.

“यामागे कोण आहे असं वाटतं तुम्हाला?” त्यांनी तळमजल्यावरच्या घड्याळवाल्यांना विचारलं.

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. “औषध कंपनी असणार.”

“तेच!” काटेसाहेब म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचं मत वेगळं होतं. “पैसा बाहेरून येतो. कुठल्या रोगावर किती खर्च करायचा ते तिकडचे लोक बसून ठरवतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या रोगांना जास्त पैसा. हृदयाला बघा कसा मान आहे! आणि माझ्या खोकल्याला कोणी विचारलंय कधी?”

“आणि माझे गुडघे?” शेजारच्या शिवणवाल्या काकू वरून ओरडल्या. “मशीन मारून मारून गेले कामातून. गुडघ्यांसाठी निघते का कुणाची गाडी? शिवाय ते गाठींचं वगैरे तपासून काय करायचंय? शांत स्वभावाच्या बाईला गाठ होतच नाही.”

(काकूंचा स्वभाव शांत आहे हे इमारतीला त्या दिवशी प्रथमच कळलं.)

मग कुणी म्हणालं निवडणूक आली असेल, कुणी म्हणालं आपलं रक्त नेऊन विकत असतील. काटेसाहेबांनी प्रत्येकाचं म्हणणं डायरीत उतरवून घेतलं आणि प्रत्येकाला तेच बजावलं: “चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणी जायचं नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून येताना ते मुद्दाम कोपऱ्यावरून आले. गाडी उभी होती. गाडीपुढे चिटपाखरू नव्हतं. आत एक सिस्टर हातमोज्यांच्या खोक्यावर कोपर टेकून बसल्या होत्या आणि ड्रायव्हर बॉनेटवर शब्दकोडं सोडवत होता. आपल्या शब्दाला इमारतीत एवढं वजन असेल असं खुद्द काटेसाहेबांनाही वाटलं नव्हतं. ते घरी आले ते छाती दोन इंच पुढे काढूनच.

मंगळवारी ते गाडीत शिरले, पण तपासून घ्यायला नव्हे. बॅगेतून त्यांनी खात्याची पितळी वजनं काढली, मखमलीच्या खाचेतून एकेक उचललं आणि सिस्टरना म्हणाले, “तुमचा वजनकाटा तपासायचाय.”

“तपासा की,” सिस्टर म्हणाल्या. संध्याकाळ झाली होती आणि त्या थकलेल्या दिसत होत्या. (रिकामं बसूनही माणूस थकतो, अशी काटेसाहेबांनी मनाशी नोंद केली.)

काटा बिनचूक निघाला. पाच किलोला पाच, दहाला दहा. काटेसाहेबांनी तो हलवून पाहिला, उलटा करून पाहिला, त्याच्याखाली हात घालून पाहिला.

“झालं समाधान? आता तुम्ही चढा काका.”

नाही म्हणायला काही कारण सापडेना म्हणून ते चढले. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.

“शक्य नाही. घरच्या काट्यावर माझं अठ्ठ्याहत्तर भरतं.”

“घरचा काटा कोण तपासतं?” सिस्टरनी विचारलं.

काटेसाहेब उतरले, वजनं पुसली आणि विषय बदलून म्हणाले, “तुम्हाला पगार कोण देतं?”

“महिन्याच्या सात तारखेला बँकेत जमा होतो. कोण देतं ते ऑफिसला विचारा. नंबर देऊ?”

तो नंबर घेऊन काटेसाहेब बुधवारी दिवसभर फोनला चिकटले. पहिला माणूस म्हणाला हा विषय आमच्याकडे नाही. दुसऱ्याने तिसऱ्याकडे दिला, तिसरा जेवायला गेला होता, चौथीने पुन्हा पहिल्याकडे दिला आणि पहिला म्हणाला, “तुम्ही परत?” गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला मात्र एक बाई लागल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“गाडीचा खर्च आरोग्य निधीतून होतो.”

“पण त्या निधीत पैसे घालतं कोण? खरं नाव सांगा.”

“आपण काय करता?”

“मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे.”

“मग तुम्हीच.”

“म्हणजे?”

“तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘आ. नि.’ असं काही आहे का बघा.”

काटेसाहेबांनी खणातून चिठ्ठी काढली. होतं. गेली अकरा वर्षं होतं. त्यांची पक्की समजूत होती, की आ. नि. म्हणजे आतिथ्य निधी, आणि त्यातून वरिष्ठांकडे येणाऱ्या पाहुण्यांना चहा-बिस्किटं जातात. या निधीविरुद्ध त्यांनी दोनदा निनावी तक्रारही केली होती.

“आ. नि. म्हणजे आरोग्य निधी,” बाई म्हणाल्या. “थोडं तुमच्यासारख्यांचं, थोडं दुकानदारांच्या परवान्यातून, बाकी सरकारचं. वापरून घ्या हो. गाडीपर्यंत माणसं येतच नाहीत ही आमची मोठी अडचण आहे.”

काटेसाहेबांनी फोन ठेवला. गाडी आज शेवटच्या दिवशी उभी होती, ती त्यांच्याच पैशाने चालत होती, आणि सगळी इमारत त्यांनी तिच्यापासून लांब ठेवली होती! बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण विचारल्यावर ‘सार्वजनिक’ एवढंच लिहिलं आणि पळत सुटले.

कोपऱ्यावर पोचले तर रस्ता दुरुस्तीवाल्यांनी जागा लवकर मागितली म्हणून ड्रायव्हर गाडीच्या पायऱ्या दुमडत होता. काटेसाहेब दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले.

“थांबा! माझी बायको, घड्याळवाले, मास्तर, काकू... सगळ्यांना घेऊन येतो. एक तास द्या. सगळी चूक माझी आहे. माझ्यामुळे एक माणूस आलं नाही!”

सिस्टर खाली उतरल्या. “तुमच्या इमारतीतलं? अहो, तुमच्या इमारतीतली तर सगळी येऊन गेली. सकाळी नऊ ते चार मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. संध्याकाळी तेवढं शांत असायचं. फक्त तुम्ही यायचात.” आणि पुरावा म्हणून त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

सोमवार, नऊ वाजून पाच मिनिटं. पहिलंच नाव बायकोचं होतं. खाली शिवणवाल्या काकू, मग घड्याळवाले, मग मास्तर, तेही दोनदा. (दुसऱ्यांदा खोकल्यासाठी.) काटेसाहेब ऑफिसच्या रस्त्याला वळले, की सगळी इमारत गाडीकडे वळत होती.

त्यांना राग यायला हवा होता. पण तेवढ्यात त्यांना पहिल्या नावापुढे तांबडी खूण दिसली. बाकी कुणापुढे नव्हती.

“ही खूण कशाची?”

सिस्टरनी चटकन वही मिटली. “मी ही दाखवायला नको होती. घरी जा काका. त्यांनाच विचारा.”

बायको घरी आली होती. टेबलावर कातडी बांधणीचा एक शब्दकोश उघडा होता आणि ती त्याच्या पाठीला कापडाची पट्टी लावत होती. काटेसाहेब दारातच उभे राहिले.

“तू गेली होतीस.”

“हो.”

“तांबडी खूण आहे.”

बायकोने पट्टी नीट दाबून बसवली, मग मान वर केली. “डाव्या बाजूला गाठ आहे. लहान आहे, वाटाण्याएवढी. उद्या मोठ्या दवाखान्यात बोलावलंय.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगणार होते. पण तुम्ही रोज जिन्यात सांगत होतात, घाबरवून गिऱ्हाईक बनवतात म्हणून. घाबरलेलं गिऱ्हाईक तुमच्याच घरात बसलंय, हे कुठल्या तोंडाने सांगू?”

काटेसाहेब खुर्चीत बसले. चार दिवस त्यांनी जगाला प्रश्न विचारले होते. सिस्टरपासून फोनवरच्या पाच माणसांपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या बाईला मात्र ‘कशी आहेस’ एवढंही विचारायचं राहून गेलं होतं.

“दुखतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “भीती वाटते.”

“मलाही,” काटेसाहेब म्हणाले. मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी शब्दकोशाची दुसरी बाजू धरली आणि डिंक वाळेपर्यंत दोघं तो दाबून बसले.

दवाखान्यातल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, “काही भरायचं नाही.” काटेसाहेबांनी तोंड उघडलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि मग “आभारी आहे” एवढ्यापुरतंच उघडलं. पुढच्या दिवसांत तपासण्या झाल्या, एका बुधवारी गाठ काढली, आणि मधले सहा दिवस काटेसाहेबांनी घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा दोनदा बदलली. सातव्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून सांगितलं, “गाठ वाईट होती, पण लहान असतानाच हाताला लागली. पसरलेली नाही. काही आठवडे किरणांचे उपचार घेऊ, आणि मग दर सहा महिन्यांनी इथे तोंड दाखवायचं. वर्षभर उशीर झाला असता तर मला वेगळं बोलावं लागलं असतं.”

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “भूक लागलीय हो.” महिन्याभरात ती हे पहिल्यांदा म्हणत होती. काटेसाहेबांनी जवळच्या दुकानातून जे जे दिसलं ते सगळं घेतलं, आणि आयुष्यात प्रथमच कुठल्याही पुडीवरचं वजन वाचलं नाही.

उपचार संपले, बायको ग्रंथालयात रुजू झाली, आणि काटेसाहेब पुन्हा जिन्यात उभे राहू लागले. या वेळी उलट्या प्रचाराला. हातात पगाराची चिठ्ठी असायची.

“बघा, आ. नि.! आपलेच पैसे आहेत. कंपनीबिंपनी कोणी नाही!”

“माहीत आहे,” घड्याळवाले म्हणाले. “दुकानाच्या परवान्यात आम्हीही भरतो.”

“मग तेव्हा औषध कंपनी कशाला म्हणालात?”

“तुम्ही चेहराच असा केला होतात की तुम्हाला नाराज करवेना.”

शिवणवाल्या काकूंनीही आपलं मत बदललं. शांत स्वभावाच्या बाईलासुद्धा गाठ होऊ शकते, हे त्या आता वरच्या मजल्यावरून खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बायकाबायकांना सांगत. काटेसाहेबांना आता खोकला येत नसे. ‘स्तनांची गाठ’ हे शब्द ते स्वतःच मोठ्याने उच्चारत.

वर्षभराने गाडी पुन्हा येणार असल्याचं कळलं, तेव्हा फलक लावायचं काम त्यांनी मागून घेतलं. जिन्यात, दाराशी, विजेच्या खांबावर, घड्याळवाल्यांच्या काचेवर, सगळीकडे स्वतःच्या हाताने चिकटवले. आणि गाडी येण्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला, रिकाम्या पोटी, चहासुद्धा न घेता, रांगेत पहिले जाऊन उभे राहिले. साखर तपासायची तर उपाशी असावं लागतं, हे त्यांनी आदल्या दिवशी अख्ख्या इमारतीला समजावून सांगितलं होतं. नऊपर्यंत त्यांच्यामागे मोठी रांग लागली. काटेसाहेबांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. रांगेत इतक्या बायका त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

गाडीचं दार उघडलं. त्याच सिस्टर होत्या. त्यांनी काटेसाहेबांना ओळखलं.

“या वेळी पहिला नंबर माझा!” काटेसाहेब बाही वर करत म्हणाले.

“काका,” सिस्टर म्हणाल्या, “ही फेरी फक्त बायकांसाठी आहे. फलकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचला नाहीत?”

“वाचला की. मीच चिकटवले सगळे.”

“मग?”

काटेसाहेबांनी हळूहळू बाही खाली केली. “शेवटची ओळ वाचली होती,” ते म्हणाले. “पैसे कोणाचे, ती.”