मीठ बरोबर

इंदूताईंचं पाहून निम्मा महाराष्ट्र रांधायला शिकला, पण रांधताना इंदूताईंनी स्वतः कधी बोटभरही चाखलं नाही. "रांधनाऱ्या बाईनं आधी चाखू नाई जी, उष्टं होते," हा त्यांच्या आईने दिघोरीच्या चुलीपाशी घालून दिलेला नियम. तो त्यांनी माहेरी पाळला, सासरी पाळला आणि टीव्हीवरही पाळला. टीव्हीवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला, तरी पाळला.

मग चाखायचं कोणी? त्यांचे यजमान गोपाळभाऊ यांनी. गोपाळभाऊ इथल्याच, तुमसरच्या, एका राइस मिलमध्ये नोकरीला होते. पोत्यातला धानाचा दाणा दाताखाली धरायचे आणि माल किती वाळलाय ते सांगायचे. व्यापारी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. असा माणूस घरी वाटीतली भाजी कशी खाणार? दाणा चावल्यासारखीच. चांगला वेळ घेऊन. मग मान वर करून दोन शब्द: "मीठ बरोबर." यापलीकडे त्यांनी बायकोचं कौतुक केल्याचं शेजारी असूनही मी ऐकलेलं नाही, आणि आमच्या दोन घरांमधली भिंत चांगलीच पातळ आहे.

टीव्हीचं असं झालं. भंडाऱ्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. तिथे इंदूताई धोप्याच्या पानांच्या वड्या, म्हणजे तुमच्या अळूवड्या, तळत होत्या आणि तळता तळता बोलत होत्या. त्यांना तळणं थांबवता येतं, बोलणं नाही. मुंबईच्या एका वाहिनीच्या माणसाने ते ऐकलं आणि वर्षाच्या आत इंदूताई पडद्यावर आल्या. "कांदा लाल होऊन राहिला, त्याले आता तरास देऊ नका," असं त्या म्हणायच्या आणि लोक खूश व्हायचे.

घोळ केला तो सांबाराने. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दुसरं नाव असतं हे इंदूताईंच्या गावीही नव्हतं. पहिल्याच थेट कार्यक्रमात त्यांनी सांगून टाकलं, "वरून मूठभर सांबार टाका." लगेच पुण्याच्या एका बाईंचा फोन.

"अहो, सांबार मुठीत कसं घ्यायचं? गळतं ना!"

"गळते? मंग धुतल्यावर जरा निथळू द्या ना बाई."

"सांबार धुवायचं?"

"धुवाच लागते, माती असते त्याले. आन् हिरवागार पाहून घ्या. पिवळा पडला असन तर गाईले टाका."

पुण्याच्या बाईंनी फोन ठेवला.

दुसरी अडचण शेवटच्या घासाची. दिग्दर्शकाचं म्हणणं, घास घ्या, डोळे मिटा आणि 'अहाहा' म्हणा. इंदूताई ढिम्म. अखेर गोपाळभाऊंना मुंबईला नेऊन स्टुलावर बसवलं. त्यांनी घास चावला, चावला आणि म्हणाले, "मीठ बरोबर."

"काका, अहाहा म्हणा ना."

"अहाहा कायले? मीठ बरोबर हाये म्हनलं ना."

महाराष्ट्र गोपाळभाऊंवर फिदा झाला. लग्नाच्या पंगतीत लोक जिलेबी खाऊनसुद्धा "मीठ बरोबर" म्हणू लागले.

पुढे इंदूताईंनी आपणहूनच टीव्ही सोडला. "त्याच्यातून वास जात नाई जी," एवढंच कारण. तुमसरला धानबाजाराजवळ हॉटेल काढलं आणि नाव ठेवलं 'जेवले का?' गिऱ्हाइकाने फोन केला की इकडून इंदूताई विचारतात, "हॅलो, जेवले का?" निम्मे लोक "हो, जेवलो" म्हणून फोन ठेवून देतात. नाव बदला म्हटलं तर ऐकत नाहीत. मिल सुटलेले गोपाळभाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांनी चाखल्याशिवाय पातेलं बाहेर येत नाही.

गेल्या हिवाळ्यात गोपाळभाऊ तापाने बरेच दिवस झोपून होते. उठले, खुर्चीवर येऊन बसले, आणि आम्हा नेहमीच्या खवय्यांचा जीव भांड्यात पडला. एका दुपारी मी जेवायला गेलो. गोपाळभाऊंचं "मीठ बरोबर" मी स्वतः ऐकलं. कढी-गोळे आले. तोंडात घातले, तर मिठाचा पत्ताच नाही. बाकीची गिऱ्हाइकं मुकाट्याने वरून मीठ घेत होती. शेवटी मी हळूच आत गेलो.

इंदूताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तळहातावर कढीचा थेंब घेऊन चाटत होत्या. मला पाहून हात पदराआड गेला.

"गुरुजी, त्यायले सांगू नका. तापानं त्यायची जीभ गेली जी. मी बिनसाखरेचा चहा देल्ला, तरी गोड हाये म्हनून पेले."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"मिल सुटली. आता हे बी गेलं म्हनलं, तर त्या खुर्चीवर मानूस कायले बसन जी?" त्यांचे डोळे भरून आले. "मी चोरून चाखतो. पन मले समजतच नाई. रांधता रांधता जलमात कधी चाखलं नाई ना."

कढीत मीठच नाही, एवढं मी सांगितलं. त्यांनी मीठ घातलं, मला वाटी दिली. मी मान डोलावली. मग हात धुऊन, नवी वाटी भरून त्या नेहमीसारख्या बाहेर गेल्या. "अजून एकदा पाहा बरं." गोपाळभाऊंनी वेळ घेऊन चाखलं आणि म्हणाले, "मीठ बरोबर." इंदूताई हसत आत गेल्या.

त्या आत जाताच गोपाळभाऊंनी माझं मनगट धरलं.

"गुरुजी, मीठ हाये ना जी त्याच्यात? मले काईच समजत नाई. मी तिच्या तोंडाकडं पाहून सांगतो."

"आहे, भाऊ. बरोबर आहे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "तिले सांगू नका. मले समजत नाई म्हनलं, तर रांधताना तिचा हात थांबन."

तेव्हापासून मी रोज गिऱ्हाइकांच्या आधी तिथे पोचतो. इंदूताई आतच चाखायला एक वाटी देतात, गोपाळभाऊ त्यांची नजर चुकवून आपली वाटी माझ्याकडे सरकवतात. माझं वजन वाढलंय आणि बायको चिडते. त्या दोघांनी मात्र एकमेकांना पटवून दिलंय, की गुरुजींना घरी कोणी धड जेवायला घालत नाही.