'निष्ठावंत' या शब्दाचा टंचाईकालीन अर्थ

राजकारणात माणसाचं मोल तो सोडून जाण्याच्या शक्यतेवर ठरतं. ज्याच्या बाबतीत ही शक्यता उरलेली नसते, त्याला आदराने 'निष्ठावंत' म्हणतात. निष्ठावंताला सभेत सतरंज्या अंथरण्याचा मान असतो आणि भाषणात त्याचा 'तळागाळातला' असा उल्लेख होतो. (तळ आणि गाळ, दोन्ही त्याच्याच विहिरीचे.)

चौसाळ्याच्या पलीकडच्या आमच्या गावात शहादेव असा निष्ठावंत होता. त्याचे नेते सुंदरराव हे सहकारी दूध संघाचे चेअरमन. दुष्काळात दूध आटलं तेव्हा त्यांनी उदार मनाने संघाचा टँकर पाण्याला लावला. (टँकरला फारसा फरक जाणवला नाही.) संघाची निवडणूक तोंडावर होती. टँकर आमच्या गावातून धुरळा उडवत जायचा आणि पुढच्या वाडीत रिकामा व्हायचा. वाडी अख्खी विरोधी पॅनलची.

शहादेव सुंदररावांकडे गेला. "अण्णा, आमच्याकडं टँकर कावून येत न्हाई?"

सुंदररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लग्नात आधी कोण जेवतं, शहादेव? पाव्हणे. घरचे मागून. तू तर घरचा हाय."

शहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी गावात आलेलं पाणी तेवढंच.

त्याची बायको चंद्रभागाबाई हापशावरून रिकामी घागर घेऊन आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "घरचे मागून जेवतेत, पर जेवतेत तरी," एवढंच ती म्हणाली. सकाळी वाडीत जाऊन तिने विरोधी पॅनलचा लाल झेंडा आणला आणि पत्र्यावर बांधला.

दुपारी टँकर दारात उभा. पाइप धरायला स्वतः सुंदरराव.

"वहिनी, आमचं काही चुकलं का?"

"न्हाई अण्णा. टिपाड भरूस्तोर बोलत ऱ्हावा."

शहादेव आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. विरोधकाच्या घरातलं पाणी प्यायचं नाही, असा त्याने निश्चय केला. मग हे पाणी मुळात अण्णांचंच आहे, हे ध्यानात येऊन तो दोन तांबे प्याला.

बातमी पसरली. गावाला झेंडे पुरेनात. सारजाबाईने पत्र्यावर लाल परकर बांधला, तोही चालला. (विचारसरणीत रंगाला महत्त्व असतं.) गावातलं मतपरिवर्तन शंभर टक्क्यांवर आणि आंघोळीचं प्रमाण साठ टक्क्यांवर गेलं. उरलेले चाळीस टक्के मुळातच तत्त्वनिष्ठ होते. टँकरच्या खेपा वाढल्या. शहादेव मात्र रोज आंघोळ करून रोज लाजायचा.

वाडी विरोधात, आता गावही विरोधात. सुंदररावांनी हिशोब केला आणि मतदानाच्या तोंडावर तेच विरोधी पॅनलमध्ये गेले. जनता जिथं, तिथं मी, असं त्यांनी जाहीर केलं.

प्रवेशाच्या सभेला शहादेव पळतच गेला. "अण्णा, आमी तुमच्या आधीच येऊन बसलोत."

सुंदररावांनी त्याला मिठी मारली आणि माइकवर सांगितलं, "हा खरा निष्ठावंत. मी कुठं जाणार हे मला कळायच्या आधी याला कळलं." शहादेव लई रडला. गाव जागचं हललं नव्हतं. निष्ठाच चालत त्याच्याकडे आली होती.

दुसऱ्या दिवशी टँकर आमच्या गावातून धुरळा उडवत वाडीला गेला. सुंदरराव आपल्यात आले म्हणून चिडून वाडीने रातोरात त्यांचं जुनं पॅनल धरलं होतं.

शहादेवने मिठीची हकीकत बायकोला पुन्हा सांगायला घेतली. चंद्रभागाबाईने घागर काखेला लावली.

"ते ऱ्हाऊ द्या. आता विरोधी कोण हाय, तेवढं सांगा."

ही गोष्ट ज्यांना बीडकडच्या भोळ्या लोकांची वाटते, त्यांनी आपण मागच्या खेपेला कुणाला मत दिलं होतं आणि ते मत आज कुठल्या पक्षात आहे, याची चौकशी करावी. मत जिथं आहे, तिथंच आपणही आहोत. आपल्याला फक्त कळवायचं राहिलं आहे.