टेकला काय?

आमच्या न्हाणीच्या खिडकीला पाच गज होते. आता चार आहेत. पाचवा चोराने नेला नाही. माझ्या नवऱ्याने एका सोमवारी सकाळी करवत घेऊन तो कापला, आणि मी आंघोळीला गेले तेव्हा त्या फटीतून शेजारच्या कुसुमताईंचं मांजर माझ्याकडे निवांत बघत बसलं होतं.

"अवो, गज कुठं गेला?" मी आतूनच ओरडले.

"कामाले लावला," बाहेरून उत्तर आलं. "तिथी रिकामाच उभा होता."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. पोरांच्या वहीतलं 'मले' आणि 'तुले' लाल शाईने खोडण्यात माझी हयात गेली. पण संसार पडला तायडे मिस्तरींशी. त्यामुळे राग आला की माझी प्रमाण भाषा पार खामगावच्या बाजारात जाऊन बसते. त्या सकाळी मी काय काय बोलले ते शिक्षिकेने लिहिण्यासारखं नाही.

तायडे मिस्तरी म्हणजे आमचे हे. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात मिलिंग मशीनवर उभे राहून कापसाच्या जिनिंगवाल्यांचे सुटे भाग करण्यात ह्यांची उभी उमर गेली. रिटायर होताना मालकाने विचारलं, मिस्तरी, निरोपाला काय देऊ? माणसं घड्याळ मागतात, सुटकेस मागतात. ह्यांनी कोपऱ्यात गंजत पडलेली जुनी मिलिंग मशीन मागितली. ती क्रेनने आमच्या पोर्चमध्ये उतरली. तेव्हापासून स्कूटर उन्हात उभी असते, आणि मशीन सुरू झाली की कुसुमताईंच्या घरचे दिवे मंद होतात. त्या काही बोलत नाहीत. मीच त्यांना दोन शिळ्या पोळ्या मांजरासाठी नेऊन देते.

ह्या माणसाचा एक शब्द आहे. टेकला. पलंग भिंतीकडे सरकवा, हे विचारणार, "टेकला काय?" गॅसचं सिलेंडर आत ढकला, "टेकला काय?" लग्नानंतर पहिल्यांदा माझं कपाट खोलीत लावत होते तेव्हा हेच विचारलं. मी म्हटलं, टेकलं. तर म्हणाले, "आवाज नाई आला." पुन्हा ओढलं, पुन्हा ढकललं, टक् असा आवाज आला, तेव्हा कुठे समाधान झालं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

तर गज कशासाठी कापला? स्टॉप करण्यासाठी. तुम्ही विचारणार, स्टॉप म्हणजे काय. मीही विचारलं, आणि त्या एका प्रश्नात माझी भाजी करपली. मिलिंग मशीनवर लोखंडाचा तुकडा घट्ट आवळून धरायला एक शेगडा असतो. हे त्याला वाइस म्हणतात. तुकडा त्यात धरायचा, कटर त्याच्यावरून फिरतो. एकच तुकडा असेल तर मोजून लावला की झालं. पण एकसारखे बरेच करायचे तर दर वेळी मोजावं लागतं. म्हणून वाइसच्या कडेला एक पक्का अडसर बसवायचा. प्रत्येक तुकडा सरकवून त्या अडसराला टेकवायचा. तोच स्टॉप.

"हरेक जॉब मोजून लावाव तं टाइम जाते, मॅडम," हे म्हणाले. मी रिटायर झाले तरी ह्यांची मॅडमच आहे. "अन् एखाद्या वक्ती डोया चुकते. स्टॉप असला की डोया लागतच नाई. सरकवा, टेकला की झालं."

डोळ्याचं नाव निघालं आणि मी भाजीचं निमित्त करून आत गेले.

आता एक सांगते, ते तुमच्यापाशीच ठेवा. माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेकडेने अंधार येतो, समोरचं दिसतं, पण ओट्यावर हाताशी ठेवलेली वाटी दिसत नाही. पेन्शनच्या कामाला जाते म्हणून एकटी अकोल्याला गेले आणि दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज दोन वेळा थेंब टाकले तर राहिलेली टिकेल. ती बाटली मी खालच्या फडताळात ज्वारीच्या डब्यामागे लपवली. सकाळ-संध्याकाळ हे मशीनपाशी असताना गुपचूप थेंब टाकायचे, त्यातले निम्मे गालावर जायचे.

लपवायचं कारण पुण्यात आहे. आमचा सुनील. पोरगा गुणाचा आहे, पण दर रविवारी फोनवर एकच पालुपद, "आई, ते घर बंद करा आणि इकडे या." डोळ्याचं कळलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. मग कुठल्यातरी सातव्या मजल्यावर मी सोफ्यावर बसून राहणार, आणि चहा सून आणून देणार. मला माझ्या ओट्यावर माझ्या हाताने चहा करायचा आहे. एवढंच माझं मागणं आहे. आणि ह्यांना सांगायची तर सोयच नाही, कारण ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी आजारी पडले की रिपोर्ट माझ्याआधी पानठेल्यावर पोचतो.

सांभाळून घेत होते मी. एकदा पातेलं डाव्या शेगडीवर ठेवलं आणि उजवी पेटवली. एका रविवारी चहापूड म्हणून मोहरी टाकली. दोन्ही काळपट, दोन्ही दाणेदार, डबे शेजारी. पहिल्या घोटाला माझ्या लक्षात आलं, मी माझा कप कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि धावत आले, तर ह्यांचा कप रिकामा.

"आज काही येगळंच टाकलं काय मॅडम? घसा मोकळा झाला," हे म्हणाले आणि मशीनकडे गेले. काय बोलणार अशा माणसाला!

तर तो स्टॉप. माणसाने एक अडसर करायला किती दिवस घ्यावेत? पहिला केला पातळ पट्टीचा. मला बोलावून दाखवला. "पाय, लवते."

"मला तर काही लवताना दिसत नाही."

"केसाएवढा लवते."

"तुम्हाले केसाचं काय पडलं? डोक्यावर एक राह्यला नाई!"

पट्टी भंगारात गेली. मग जाड ठोकळा आणला, त्याला भोकं पाडली, आटे पाडले, वाइसच्या न हलणाऱ्या अंगाला दोन बोल्टांनी आवळला, आणि त्या ठोकळ्यातून आमच्या न्हाणीचा गज आरपार घातला. गज पुढे-मागे सरकवायचा, हव्या जागी स्क्रूने जाम करायचा. मला वाटलं, सुटले. तर संध्याकाळी हे तोंड पाडून बसलेले. का, तर गजाचं टोक सपाट होतं. जॉब आणि टोक यांच्यामध्ये लोखंडाचा किस अडकतो आणि जॉब नीट टेकत नाही. मग दोन दिवस कानस घेऊन त्या टोकाला गोलाई देत बसले. दोन दिवस! तेवढ्या वेळात मी घरातली सगळी उन्हाळी कामं उरकली आणि न्हाणीच्या फटीला जुनी पाटी लावली. मांजर रुसलं.

शेवटी एकदाचा झाला. मी कणीक मळत होते.

"मॅडम, इकडं ये. डोये मीट."

"माझे हात भरलेत."

"पूस अन् ये. डोये मीट, हा तुकडा सरकव."

डोळे मिटले. सरकवला. टक्. ह्यांनी वाइस आवळली, मोजलं, काढलं. पुन्हा सरकवला. टक्. असं पाच वेळा. पाचही वेळा माप तेच.

"पाय," हे म्हणाले, "डोयाचं कामच नाई."

 मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे हातातल्या मापाच्या व्हर्नियरकडे बघत होते. मी कणकेकडे परत गेले.

त्यानंतर पोर्चमध्ये दिवसभर टक्-टक् सुरू. बोटाएवढे ठोकळे, एकसारखे, कडा घासलेले, एका डब्यात रचून ठेवलेले. मी विचारलं, "कोणाचं काम आहे?"

"एका पार्टीचं."

"जिनिंगवाले?"

"नाई. पार्टी लय कडक हाय. उलीसा फरक चालत नाई. तोंडानं फटकय हाय, पण आपल्याले काम द्यायचं हाय."

मला त्या पार्टीचा मनापासून राग आला. म्हाताऱ्या माणसाला एवढं राबवून घ्यायचं म्हणजे काय! त्यात रविवारी सुनीलचा फोन आला. दिवाळीला येतो, तेव्हा घराचं ठरवूनच टाकू, म्हणाला. मी ह्यांच्याकडे आशेने बघितलं, दोन शब्द बोलतील म्हणून. हे म्हणाले, "मशीन लेव्हलात बसली हाय बाबू. आता हालवाची नाई." आणि फोन माझ्या हातात दिला. मशीन! चाळीस वर्षं ह्यांचा डबा भरला, आणि घर न सोडायचं कारण काय, तर मशीनची लेव्हल. मी त्या दिवशी जेवताना बोलले नाही. ह्यांच्या लक्षातही आलं नाही, वांग्याची भाजी दोनदा घेतली.

पुढल्या आठवड्यात साखरखेर्ड्याला भाचीचं लग्न होतं. हे म्हणाले, "तू जा. मले पार्टीचा माल द्यायचा हाय." लग्नघरात कोणाला दिसेल म्हणून बाटली जागच्या जागी ठेवली, मी रागारागाने एकटी एसटीत बसले, दोन दिवस राहिले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि पिशवी हातातून खाली पडली.

माझ्या काळ्या ग्रेनाइटच्या ओट्याला भोकं पाडली होती!

"अवो! हे काय करून ठेवलं? काऊन पाडले ओट्याले भोकं?" सगळी आळी ऐकत असणार.

हे पोर्चमधून आले, हात पुसत. "पार्टीचा माल दिला."

"कोणती पार्टी?"

"समोर उभी हाय," म्हणाले, आणि माझं तोंड उघडायच्या आत "मले किस झाडायचा हाय" असं पुटपुटत निघून गेले.

मी जवळ गेले. तेच बोटाएवढे ठोकळे, भोकांत स्क्रू घालून ओट्याला पक्के बसवलेले. शेगडीच्या मागे आणि बाजूला चार, म्हणजे शेगडी आता तसूभर हलणार नाही. काडेपेटीला एक, चिमट्याला एक. डब्यांच्या रांगेत प्रत्येक डब्यामागे एक. बोट फिरवलं तर ठोकळ्यांवर खाचा लागल्या. चहाला एक, साखरेला दोन, मिठाला तीन. शिक्षिकेची सवय, मोजले. चोवीस. मोहरीचा डबा मात्र रांगेत नव्हता. तो पार पलीकडे, फ्रिजच्या अंगाला, एकटाच ठोकळ्यात अडकवून ठेवला होता.

मोहरीचा चहा रविवारी झाला होता. गज सोमवारी कापला.

मी चहा ठेवायला घेतला. मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पातेलं शेगडीवर ठेवलं. हात काडेपेटीवर गेला, तिथेच होती. एक खाच, चहा. दोन खाचा, साखर. डबे मागे सरकवले, टक्, टक्. काही सांडलं नाही. आणि तरी मी स्वतःला समजावत होते, की ह्यांना फक्त चहाचं कळलं असेल, म्हातारपणी होतं असं म्हणून सोडून दिलं असेल. बाटलीचं कळणं शक्य नाही.

खाली वाकून ज्वारीच्या डब्यामागे हात घातला. बोटांना गार लोखंड लागलं. पंचविसावा. हा ठोकळा नव्हता, गोल होता, न्हाणीच्या गजाचा उरलेला तुकडा. गजाला दिलेला जुना रंग अजून त्याच्यावर खरखरीत होता. त्याला टेकून माझी बाटली सरळ उभी होती.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने एवढी मोठी गोष्ट इतके दिवस पोटात ठेवली. मी लपवतेय म्हणून मला लपवू दिलं.

मग उठले. दोन कप आणि बाटली घेऊन पोर्चमध्ये गेले. हे ब्रश घेऊन मशीनवरचा किस झाडत होते. मुळात किस नव्हताच.

"सुनीलले सांगितलं काय?"

"काय सांगू? मशीन लेव्हलात हाय म्हणलं ना."

"दिवाळीले येऊ द्या त्याले," मी म्हणाले. "चहा मी करीन. तो पिऊन झाला की मीच सांगीन डोळ्याचं. मग पाहू कोण हालवते ते."

"मोहरी नको टाकजो," हे म्हणाले.

मी स्टुलावर बसले आणि बाटली पुढे केली. "घाला. माझे निम्मे वाया जातात."

ह्यांनी साबणाने दोनदा हात धुतले. माझी मान मागे झाली. चाळीस वर्षं केसाएवढा फरक धरणारा हात, पण बाटली घेताना थरथरत होता. हे थांबले. मग तळहाताची कड त्यांनी माझ्या कपाळावर ठेवली. हात थांबला.

"टेकला काय?"

"टेकला," मी म्हणाले.

थेंब बरोबर डोळ्यात पडला.