चौकट ठेंगणी हाय

"गुरुजी, उठा! चुलीवर काहून बसून राहिले?"

खिशातल्या पेनांवरून हरसिंगकाकांनी पहिल्याच भेटीत मला गुरुजी ठरवलं. मी होतोही. हिंगोलीच्या कडेला असलेल्या वनउद्यानात मी डबा उघडून बसलो होतो. डॉक्टरांनी पोट उतरवायला चालायला सांगितलेलं. चालल्यावर भूक लागते म्हणून मी डबाच सोबत नेत होतो. दचकून उठलो. खाली चूल काय, साधी काडी नव्हती.

उद्यान व्हायच्या आधी तिथं काकांचा तांडा होता. पुढे तांडा रस्त्यापलीकडे हलला, झाडं आली. काकांच्या लेखी त्यांचं घर मात्र जागचं हललं नाही. रोज संध्याकाळी ते दोन कडुलिंबांपाशी चपला काढत, कमरेत वाकत आणि आत शिरत.

"बराबर दारातून यायचं. भिंतीतून भुतं येतात."

महिनाभर मी भूतच होतो. एकदा म्हशीच्या अंगावर पाय दिला, एकदा ज्वारीच्या कणगीला टेकलो. दार सापडलं तरी पोट वाकू देईना. "डोकं जपून! चौकट ठेंगणी हाय," काका ओरडायचे.

दिवाळीला त्यांचा गणेश पुण्याहून यायचा होता. "ह्याच उंबऱ्यावर रांगलंय पोरगं. बघा तुमी, डोळे झाकून सांगतंय कुठं काय व्हतं." आदल्या दिवशी त्यांनी घरभर पाचोळा झाडला. मलाही आवतण दिलं.

गणेश आला तो थेट भिंतीतून. बुटांसकट चुलीवर उभा राहिला.

"बाबा, आपलं घर हिकडं व्हतं का तिकडं?"

 आता पोराची खैर नाही.

काकांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिकडंच कुठंतरी. बस लेकरा. सावली चांगली हाय."

गणेश चुलीवर बसला. काका त्याच्यासमोर, पुण्यातल्या पाण्याची चौकशी करत.

निघताना गणेशनं त्यांचा हात धरला. "हिकडून चला बाबा, जवळ पडतंय."

आणि काका त्याच्यासोबत भिंतीतून निघून गेले. अनवाणी. चपला दारातच राहिल्या.

मी पोट आवळलं, चांगला खाली वाकलो, दारातून बाहेर आलो आणि चपला उचलल्या.

झाडांपलीकडून आवाज आला, "गुरुजी, दार तेवढं वढून घ्या."