कोरंगवाडीतील सैतानाचा पराभव

सैतान हा देवाचा विरोधक आहे, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत होतं ते देव नेमका कोणाच्या बाजूला आहे याबद्दल, आणि तेही फक्त कुंपणापलीकडच्या लोकांचं. मालवणच्या किनाऱ्यावरच्या कोरंगवाडीत हे शास्त्र पूर्णत्वाला गेलेलं आहे. वाडीत ख्रिस्ती घरं एकोणचाळीस. ज्यांच्या उंबऱ्याच्या आत सैतानाने कधी पाऊल टाकलं नाही अशी घरं एकोणचाळीस. ज्यांच्या शेजारी त्याचा कायमचा मुक्काम आहे अशी घरंही एकोणचाळीस. (ज्यांना हा हिशेब जुळत नाही असं वाटतं त्यांनी एकदा वाडीत येऊन राहावं.)

दरवर्षी ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला की फादर वाडीच्या चर्चमध्ये, म्हणजे इगर्जीत, सैतानाविषयी तीन गोष्टी सांगतात. एक, देवाचं काम जिथे चालू असेल तिथे तो आडवा येतो. दोन, तो माणसाच्या मनात शिरून त्याला आपलंच खरं वाटायला लावतो. तीन, तो शिंगं लावून येत नाही. बरेचदा सज्जनासारखा येतो. पहिल्या दोन गोष्टी वाडीने एकमताने मान्य केल्या आहेत. तिसरीवर अजून विचार चालू आहे.

या शिकवणीचा सर्वांत जास्त लाभ कोणाला झाला असेल तर तो कायतान लोबोला. कायतान हा श्रद्धाळू आणि व्यवहारी माणूस, आणि या दोन गुणांत त्याने कधी भांडण होऊ दिलं नाही. आपल्या वडिलोपार्जित घरात त्याने पर्यटकांसाठी होमस्टे काढला होता. एकच अडचण होती. त्याच्या वाट्याच्या खोल्या रस्त्याकडे होत्या आणि खिडकी उघडली की समोर विजेचा डीपी दिसायचा. समुद्राकडच्या दोन खोल्यांत त्याची वहिनी नातालीन राहायची. थोरला भाऊ पेद्रू वारला, पोरगी लग्न होऊन मुंबईला गेली, तरी बाई हलायचं नाव काढत नव्हती.

"वयनी, चेडवाकडे जा बघया," कायतान अधूनमधून म्हणायचा. "हय एकटी कित्याक रवतस?"

"ह्या दोन खोलयेंत माझो घोव मेलो. मी पण हयच मरतलंय. मगे तुझां काय ता कर."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. कायतानने शास्त्राचा आधार घेतला. होमस्टे वाढला तर वाडीला बरकत येणार, इगर्जीच्या छपराला मदत होणार. म्हणजे हे देवाचं काम. देवाच्या कामाला नातालीन आडवी येते. देवाच्या कामाला आडवा कोण येतो ते फादरांनी सांगितलेलंच आहे. शिवाय सत्तरीच्या बाईला दोन खोल्यांचा एवढा मोह असावा, हेही लक्षण चांगलं नव्हतं. स्वतः कायतानला त्या खोल्यांचा मोह मुळीच नव्हता. त्याला त्या फक्त हव्या होत्या.

त्या वर्षी उपासकाळाच्या पहिल्या रविवारी इगर्जीच्या पटांगणात नाटक करायचं ठरलं. विषय ठरलेला: ख्रिस्त अरण्यात उपाशी असताना सैतान येतो, तीन मोह घालतो, तिन्ही वेळा हरतो आणि पळतो. ख्रिस्ताच्या कामासाठी वाडीतले तेवीस पुरुष तयार होते, कारण त्यात तीनदा नाही म्हणून घरी जायचं असतं. निवड समितीने सर्व बाजूंनी विचार करून कायतानची निवड केली. (निवड समितीचा अध्यक्ष कायतानच होता, त्यामुळे विचाराला वेळ लागला नाही.)

सैतानाच्या कामाला मात्र एकही जण मिळेना. गेल्या वर्षी ते दुमिंगने केलं होतं. तेव्हापासून बाजारात त्याच्या मासळीच्या टोपलीतल्या सरंग्यांकडे गिऱ्हाईक जरा बिचकूनच बघायचं. तेव्हा समितीने तोडगा काढला की सैतान बाहेरून मागवावा. वालावलच्या बाजूला लवू नावाचा दशावतारी होता, ज्याची उभी हयात राक्षसांची कामं करण्यात गेली होती. तो हिंदू असल्यामुळे त्याच्या आत्म्याला धोका नव्हता, आणि राक्षसांची कामं हाच पोटाचा उद्योग असल्यामुळे त्याच्या धंद्यालाही नव्हता.

फादर हे वसईकडून आलेले तरुण गृहस्थ. त्यांनी लवूच्या हातात संवादांचे कागद ठेवले. लवूने ते नम्रपणे परत केले.

"माका कागद नको, फादर. आमच्यात पाठ करूची पद्धत नाय. उभे रवलो की बोलणां येता. आख्यान काय ता सांगा. राक्षस मरता काय पळता?"

"पळतो," फादर म्हणाले.

"मगे बरां. पण सोप्यात हरूचंय नाय हां. राक्षस हलको पडलो तर देवाची किंमत काय रवली?"

फादरांना हे धर्मदृष्ट्या अचूक वाटलं. एरवी ते इतके गाफील राहिले नसते.

रविवारी दुपारी लवू कायतानकडेच जेवला. जेवण झाल्यावर कायतानने त्याला घर दाखवलं. तो सगळ्यांनाच दाखवायचा. रस्त्याकडच्या खोल्या झटकन, मग मागच्या पडवीत उभं राहून समुद्राकडच्या खोल्या सावकाश. भिंत कुठे काढायची, काचेचा दरवाजा कुठे लावायचा, झोपाळा कुठे टांगायचा. आत नातालीन पाटावर बसून नारळ खवत होती. कायतान तिच्या डोक्यावरून हवेत हात फिरवत भिंती पाडत होता. लवूने सगळं ऐकून घेतलं, "बरां आसा," म्हणाला आणि तोंडाला रंग लावायला गेला.

चार वाजता पटांगण भरलं. मधोमध दशावताराच्या रिवाजाप्रमाणे एक बाकडं ठेवलं होतं. तेच अरण्य, तेच मंदिराचं शिखर आणि तोच उंच डोंगर. बाजूला पेटी आणि पखवाजवाला. नातालीन पहिल्या रांगेत, कारण तिला लांबून ऐकू यायचं नाही.

लवू लाल झगा घालून, भुवया कपाळापर्यंत चढवून आला तेव्हा पोरं आयांच्या मांडीत शिरली. पहिला मोह दगडांच्या भाकरीचा. "हे नाझरेथकरा," लवू गरजला, "तुझ्या जठरात वणवा पेटला असता या पाषाणांच्या भाकरी का करीत नाहीस?" कायतानने पाठ केलेलं उत्तर खणखणीत दिलं. (डॉक्टरांनी त्याला पाव, भात आणि भाकरी तिन्ही बंद केली होती, त्यामुळे आवाजात सच्चेपणा होता.) दुसरा मोह शिखरावरून उडी घेण्याचा. कायतान बाकड्यावर चढला, खाली बघितलं, आणि नकार दिला. तोही अगदी आतून आला. पहिला मोह मधुमेहाने परतवला, दुसरा गुडघ्यांनी, आणि लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

तिसरा मोह जगातल्या सगळ्या राज्यांचा आणि त्यांच्या वैभवाचा. लवूने क्षणभर विचार केला. राज्यं कोणाला हवी आहेत? समोरच्या माणसाच्या जिवाला भिडेल असं काही दिल्याशिवाय राक्षसाचं काम वठत नाही, हे त्याच्या पोटात मुरलेलं होतं. त्याने हात लांब केला आणि माडांपलीकडे दिसणाऱ्या कायतानच्या कौलांकडे बोट दाखवलं.

"पाहा! समुद्राभिमुख ती दोन दालने पाहा! गवाक्ष उघडताच अरबी सागर शय्येशी येईल. त्या दालनांत एक वृद्ध स्त्री ठाण मांडून बसली आहे. मला एकवार, केवळ एकवार वंदन कर, आणि उद्या सूर्योदयी ती स्वहस्ते तुझ्या हाती चावी देईल!"

आता ख्रिस्ताने दूर हो म्हणायचं होतं. ख्रिस्त काही बोलेना. दशावतारात नट अडला की पखवाजवाला जागा भरून काढतो. त्याने भरली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा भरताना तो स्वतःच मान उंचावून कायतानकडे बघू लागला.

ख्रिस्त खाली वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "लेखी देतलस?"

लवूने आयुष्यात कंस, रावण, हिरण्यकश्यपू असे सगळे केले होते. असा प्रश्न त्याला एकाही देवाने विचारला नव्हता.

"आणि तिचां चेडू मुंबयसून भांडाक इलां तर?" ख्रिस्ताने पुढची शंका काढली.

कोणी हसलं नाही. मागच्या रांगांतल्या लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या, कारण अटी नीट ऐकू येत नव्हत्या. बाजूला उभे असलेले फादर दबक्या आवाजात ओरडले, "कायतान, नाही म्हणा!"

"म्हणतंय ओ फादर. आधी आयकून तरी घेवया."

आता लवूची पंचाईत झाली. देव जिंकल्याशिवाय नाटक संपवता येत नाही आणि देव तर वाटाघाटीला बसला होता. शिवाय कुडाळची शेवटची एसटी निघायची वेळ होत आली होती. त्याने पखवाजवाल्याला खूण केली, वाद्यं दणकून सुरू झाली आणि त्या गोंधळात सैतानाने ख्रिस्तापुढे दोन्ही गुडघे टेकले, हात जोडले.

"कायतानशेट, पाया पडतंय, नाय म्हणा! माका हरूचा आसा. तुमी जिंकल्याशिवाय नाटक सरूचा नाय, आणि माझी गाडी सुटतली!"

हे शब्द कायतानला ऐकू आले आणि पहिल्या रांगेत नातालीनला. बाकी पटांगणाला एवढंच दिसलं की सैतान देवाच्या पुत्राच्या पायाशी लोळण घेतोय. लोक उठून उभे राहिले. कोणीतरी जाऊन घंटा वाजवली. बायांनी डोळे पुसले. कायतानने उजवा हात वर केला. त्याने नाही हा शब्द उच्चारला की नाही याबद्दल आजही मतभेद आहेत, पण गरज उरली नव्हती.

या विजयाचे परिणाम दूरगामी झाले. सैतान कायतानकडून हरून पळाला, हे सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलं होतं. (तो एसटीकडे पळाला, हा तपशील गौण.) मग प्रश्न आला की तो गेला कुठे. हाकललेला सैतान जवळच्याच एखाद्या घरात शिरतो, असं जुनीजाणती माणसं सांगतात. कायतानच्या सर्वांत जवळ कोण राहतं? आणि पाहावं तर नातालीन खोल्या सोडल्याच्या कागदावर अजूनही सही करायला तयार नव्हतीच. वाडीला आणखी पुरावा नको होता.

फादरांनी पुढच्या रविवारी तिसरी गोष्ट पुन्हा समजावून सांगितली. सैतान सज्जनासारखा येतो, हे त्यांनी घसा बसेपर्यंत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नातालीनकडे बघितलं.

मग वाडीच्या बाया रोज संध्याकाळी तिच्या दारात तेर्सची प्रार्थना म्हणायला येऊ लागल्या. हातात जपमाळ, मेणबत्त्या, आणि तोंडात नातालीनच्या मनातला मोह निघून जावा ही विनंती. त्यांत एकही दुष्ट बाई नव्हती. त्या अगदी मनापासून प्रार्थना करत, आणि म्हणूनच ते सहन होण्यासारखं नव्हतं. भांडणाला भांडून उत्तर देता येतं. प्रार्थनेला काय देणार? तिच्याकडे तिखटमीठ मागायला येणं मात्र त्यांनी थांबवलं.

"माझ्यासाठी एवढी प्रार्थना करू नकात गे," ती एकदा म्हणाली. "अशान माका घर सोडूचा लागतला."

मोह सुटत चालल्याचं हे पहिलं चिन्ह समजून बायांनी प्रार्थना वाढवली.

पाम संडेच्या, म्हणजे उपासकाळातल्या शेवटच्या रविवारच्या, आदल्या दिवशी नातालीनने स्वतः चावी आणून कायतानच्या हातावर ठेवली. मुलगी न्यायला आली होती. तिचं घर मीरा रोडला, चौथ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीची मोरी दिसते. कायतानला खरोखर भरून आलं. तो म्हणाला, "वयनी, देवान तुका सुबुद्धी दिली."

"देवाचां माका ठावक नाय," नातालीन म्हणाली. "पण त्या लवून जा काय इचारल्यान ता निदान माझ्यादेखत इचारल्यान. तुमी देवाक परस्पर सांगितलात."

निरोपाला जमलेल्या बायांनी तिचं सामान रिक्षात ठेवलं. रिक्षा गेल्यावर बाया सावकाश घरी गेल्या आणि त्या संध्याकाळी तेर्स झाली नाही.

खोल्या आता तयार आहेत. आपल्याला त्या माहीत आहेतच, कारण गेल्या डिसेंबरात आपण सहकुटुंब तिथे उतरला होता. पहिल्या सकाळी झोपाळ्यावर चहा घेताना आपण कायतानला विचारलंत, "इथे आधी काय होतं हो?" तो म्हणाला, "काय नाय, घरातलीच माणसां," आणि आपण "वा वा" म्हणून समुद्राचा फोटो काढलात. परत गेल्यावर मोबाइलवरून पाच तारे दिलेत. लिहिलंत, अगदी आपल्या घरी असल्यासारखं वाटलं. खाली एक छोटी सूचनाही केलीत: समुद्राच्या बाजूला आणखी एखादी खोली असती तर पुढच्या वेळी मित्रमंडळींनाही आणता आलं असतं.

कायतानने ती मनावर घेतली आहे. त्या बाजूला लागूनच इनास नावाचे एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहतात. अगदी सज्जन माणूस. पण अलीकडे त्यांच्या वागण्यात काही लक्षणं दिसू लागली आहेत, असं वाडीचं मत होत चाललंय. येत्या सोमवारपासून बाया त्यांच्या दारात जाणार आहेत. आपली खोली मे महिन्यापर्यंत तयार होईल.