एक पुडी चौघांना पुरेल

चाळीस वर्षं मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. पुडी बांधावी तर मीच! माझी पुडी दुसऱ्या मजल्यावरून फेकली तरी सुटत नाही. त्यामुळे सुपाच्या कोरड्या मिश्रणाचा बेत मी आखला तेव्हा त्यात काही चुकेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

मिश्रण साधंच. मसूर, बार्ली, सुके वाटाणे, वाळवलेला कांदा, गाजराचा चुरा, मिरी, मीठ. स्वस्त, टिकाऊ, पाण्यात टाकलं की घरादाराचं जेवण तयार! अडचण एवढीच, की माझं घरदार म्हणजे मी. बायको जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी लांब. आणि माझा हात अजून चौघांच्याच मापाचा! एकदा केलेलं सूप मी पाच दिवस खायचो. पाचव्या दिवशी त्यात चमचा उभा राहायचा.

मग ठरवलं, वाटून टाकू! अकरा पुड्या बांधल्या, इमारतीतल्या अकरा दारांच्या कड्यांना अडकवल्या. प्रत्येकीवर लिहिलं, ‘सहा कप पाण्यात उकळा. एक पुडी चौघांना पुरेल.’ नाव मुद्दाम टाकलं नाही. उगाच मोठेपणा कशाला! कुणाची पुडी म्हणून लोक आपणच चौकशी करत येतील, असा माझा हिशेब.

चौकशी झाली. संध्याकाळी तातडीची सभाच बोलावली!

“निनावी पुड्या!” सेक्रेटरी कडाडले. “आणि मजकूर बघा. चौघांना पुरेल! काय पुरेल? जमिनीत पुरेल! ही सरळ सरळ धमकी आहे!”

सगळी सभा शहारली. खरं सांगतो, मीही शहारलो. आपलंच अक्षर, पण त्यांच्या तोंडून ऐकताना भीती वाटली हो!

मी बोलायला उठलो. “अहो, पुडीचं म्हणाल तर मी कंपाउंडर...”

“वा! जाणकार माणूस!” निवृत्त फौजदार गरजले. “यांना चौकशी समितीत घ्या. कुठे राहता आपण?”

“तिसऱ्या मजल्यावर. डावीकडे.”

“अरे!” सेक्रेटरी म्हणाले. “ते घर रिकामं आहे ना?”

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण फौजदार पुढे म्हणाले, “समिती रोज पाच वाजता यांच्याकडे बसेल,” आणि मी खाली बसलो. रोज! माझ्याकडे!

दुसऱ्या दिवशी दोन वाजल्यापासूनच मी खुर्च्या पुसत होतो. पाचाच्या ठोक्याला सेक्रेटरी आणि फौजदार आले. चहा झाला, संशयितांवर चर्चा झाली. फौजदारांनी पुडी भिंगाखाली धरली.

“घडी पाहा! सराईत गुन्हेगाराचं काम!”

“छे, साधीच आहे,” मी लाजून म्हणालो.

आठ दिवस असे गेले. सेक्रेटरींच्या गुडघ्याचा इतिहास मला पाठ झाला. फौजदार हसायला लागले की आधी खोकतात, हेही कळलं. नवव्या दिवशी मात्र फौजदार टेबलावर मूठ आपटत म्हणाले, “गुन्हेगार सापडला! रखवालदार! सगळ्या मजल्यांवर फिरणारा तो एकटाच. उद्या त्याला काढायचं!”

मी हातातली बशी खाली ठेवली. रखवालदार बिचारा! घरी चार खाणारी तोंडं.

“पुड्या माझ्या आहेत,” मी म्हणालो.

“कंपाउंडरसाहेब, भावनेच्या भरात...”

“अहो, सूप आहे ते! चौघांचं पोट भरेल, असं लिहिलंय!”

विश्वास बसेना. शेवटी पुरावा म्हणून ठेवलेली पुडी मी त्यांच्यासमोर शिजवली आणि त्यांच्यासमोरच प्यायलो. दोघं घड्याळ लावून समोर बसले. अर्धा तास! माझ्या जेवणाकडे इतकं लक्ष बायकोनंही कधी दिलं नव्हतं. मी मरत नाही असं दिसल्यावर फौजदारांचा चेहरा उतरला.

“तुम्हीही घ्या ना थोडं,” मी म्हणालो.

“नको, घरी वाट बघत असतील.” समिती तिथल्या तिथे बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. साडेपाच वाजले. चहाचं आधण मीच उतरवलं. तेवढ्यात बेल! दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या.

“काका, त्या पुड्या तुमच्याच ना? रखवालदार सांगत होता. आम्ही तर पहिल्याच दिवशी शिजवली.”

“मग सभेत बोलला का नाहीत?”

“कसली सभा? माझी ड्यूटी होती.”

“बरं, कसं झालं होतं?” मी श्वास रोखून विचारलं.

“मीठ जास्त. आणि पुरलं नाही. सासूबाई, तीन मुलं आणि मी, पाच जण आहोत आम्ही. अजून आहेत का?”

मी डब्यात उरलेल्या मिश्रणाच्या दोन पुड्या बांधून दिल्या. “या ना आत, चहा तयारच आहे.”

“नको काका, गॅसवर दूध ठेवून आलेय!” आणि त्या धडाधडा जिना उतरून गेल्या.

दार मी बराच वेळ उघडंच ठेवलं. उकडत होतं हो, दुसरं काही नाही!